अर्ध्या मिशीची पैज

मित्रांनो, पैज लागली ती माझ्या डोक्यावर हात ठेवून. शेजारचा शिंपी म्हणाला, "मिशाळ, आज कार्यक्रम संपायच्या आत तू हा डबा बंद करणार!"

"अरे जा! कार्यक्रमात भाऊच आहे माझा, चेष्टा कळते मला," माझा मालक मिशीला पीळ देत म्हणाला. "केला बंद, तर अर्धी मिशी भररस्त्यात उतरवीन."

तो डबा म्हणजे मी, दाढीकटिंगच्या दुकानात फळीवर बसलेला एक जुना टीव्ही. नवा होतो तेव्हा माझ्यासाठी लोक पायरीवर ताटकळायचे. आता माझी एक कड हिरवी पडलीय आणि थोबाडीत खाल्ल्याशिवाय आवाज फुटत नाही. वाईट वगैरे वाटत नाही. फक्त पाठ तापते. माझ्यात काय चाललंय ते मला कधीच दिसत नाही. दिसतात ते बघणारे.

त्या संध्याकाळचा कार्यक्रम म्हणजे एका माणसाला मधे बसवायचं आणि चारचौघांत विनोद करत त्याची सालटी काढायची. आज मधे होता मालकाचा धाकटा भाऊ, विनोदी नट. दुकान गच्च भरलेलं. कोपऱ्यात त्यांची आई. तिला ऐकू येत नाही, पण लेक दिसला की झालं. शिंपी तोंडाला फेस लावून खुर्चीत.

भावाच्या टकलावरून झालं, पडलेल्या सिनेमांवरून झालं. मालकही हसला. वस्तरा चालूच.

मग माझ्यातून कुणीतरी बोललं, "याची आई बहिरी आहे, म्हणून तर तिला हा विनोदी वाटतो!"

दुकान खदखदलं. सगळे हसले म्हणून आईही हसली, टाळ्या वाजवून. एकेकाची नजर तिच्याकडे गेली आणि एकेक तोंड मिटलं. शेवटी ती एकटीच हसत होती. शिंप्याच्या गळ्यावर वस्तरा थांबला.

खट्! मी बंद.

"का रे?" आईनं विचारलं.

वीज गेली, अशी मालकानं हातानं खूण केली. डोक्यावर पंखा गरगरत होता. आईनं पंख्याकडे पाहिलं, लेकाकडे पाहिलं आणि निमूट मान हलवली.

मित्रांनो, माझी धूळ नाही पुसलीत तरी चालेल. पण हसताना कोपऱ्यात कोण बसलंय, तेवढं बघत जा.

शिंपी फेसासकट उठला. "सोड रे ती पैज. मी हसायलाच नको होतं."

"पैज म्हणजे पैज."

मालकानं खुर्ची रस्त्यात ओढली. दारातून मला सगळं दिसत होतं. येणारेजाणारे थबकले. दोन हातांत डावी मिशी साफ! हसावं की नाही, कुणालाच कळेना. सगळे आईकडे बघू लागले.

आई पायरीवर आली. तिनं त्या अर्ध्या तोंडाकडे टक लावून पाहिलं आणि पोट धरून खालीच बसली. "मेल्या, काय ध्यान दिसतोयस!"

"हसा आता," मालक लोकांना म्हणाला. "हे तिला कळलंय."