कच्चे टाके

पांढरा दोरा — काळ्या कापडावर पांढरा, आणि टाके हे असे लांबलांब, कच्चे, कसेबसे ओढून घेतलेले... हा बाबांचा हात नव्हेच, तिला वाटलं. रफू करावं तर बाबांनी. गिऱ्हाईक कापड उजेडात धरून फाटलेली जागा शोधत बसायचं आणि बाबा चष्म्यावरून बघत म्हणायचे, "सापडली तर पैसे नकोत." कधी कुणाला सापडली नाही. आणि हा तर त्यांचा स्वतःचा कोट, बोटीतून या देशात उतरताना अंगावर असलेला, कपाटाच्या तळाशी इतकी वर्षं असाच.

बाबांना पुरून चार दिवस झाले होते. आई बाहेरच्या खोलीत भेटायला आलेल्यांत बसली होती, ती आईची शाल काढायला आत आली होती. तिच्या स्वतःच्या जाकिटालाही चीर होतीच. दफनाआधी प्रार्थनाघरातल्या वृद्ध बाईंनी कात्री लावून दिली होती, म्हणाल्या होत्या, "पुढचं तू फाड, बाळ. आम्हा ज्यूंत आईबाप गेले की दुखवट्याची चीर डावीकडे, काळजावर. ही कधी पुरती शिवायची नाही. जोडीदार, मूल, भावंडं गेली तर उजवीकडे. ती महिन्याने शिवली तरी चालते."

तिने कोट समोर धरला. डावीकडे. म्हणजे आजी-आजोबांसाठी... ते तिकडेच गेले, एवढं बाबांनी एकदाच सांगितलं होतं, सुई ओवताना, मान वर न करता. तिला भरून आलं. तिने कोट अंगात घातला, बटणं लावली, छातीवर डावीकडे हात नेला — कापड धड होतं.

समोर धरलेल्या कोटाची डावी-उजवी उलट दिसते. शिंप्याची पोर असून एवढं कळू नये?

चीर उजवीकडे होती. ती पलंगाच्या कडेवर बसली. बाबांना भावंडं नव्हती. आईशी लग्न झालं ते इथे आल्यावर. मग... आणि कुठून कोण जाणे, बाबांचीच हाक आठवली — "धाकटे, जेवलीस का?" घरात ती एकुलती एक आणि हाक धाकटे! मामा चेष्टा करायचा, "भावजी, एकाच पोरीत थोरली-धाकटी कशी हो?" सगळे म्हणायचे, भाषा उशिरा शिकले, होतो गोंधळ. बाबाही हसायचे आणि पुन्हा तीच हाक मारायचे. आई... आई हसायची का? आठवेना.

सगळ्या गावाचं फाटलेलं जोडलंत, बाबा, आणि ही पुरती शिवायची मुभा असून शिवली नाहीत. मला सांगायला काय झालं होतं? तिला राग आला, आणि मेलेल्या माणसावर रागावल्याची लाज वाटली, तरी राग जाईना.

"शाल सापडली का गं?"

आई दारात होती. तिने कोट पाहिला. तिची नजर शोधत फिरली नाही, थेट उजवीकडे गेली, तिथेच थांबली.

"बटणं लावू नकोस," आई हळूच म्हणाली. "टाके ताणतात."

ती बटणं काढू लागली. पन्नाशी उलटली माझी, आणि आज कळतंय की मी कुणाच्या तरी पाठची... भाऊ की बहीण? विचारायला तिने तोंड उघडलं, पण आईने शाल उचलली होती आणि ती स्वतःच्या नव्हे, लेकीच्या खांद्यांवर घालत होती, लहान मुलीला घालावी तशी. आणि तिने कोटाची उजवी बाजू मुठीत धरली.