मागाहून पाडलेलं नाणं

सकाळी साडेसहाला मृणालिनीबाईंनी स्वयंपाकघरातला दिवा लावला. कॅल्गरीत उणे सव्वीस होतं. शेजाऱ्याचं फावडं ड्राइव्हवेवर खरडत होतं. त्यांनी चहा टाकला, हेमचंद्रांच्या गोळ्या बशीत काढल्या, त्यांच्या डोळ्यांत थेंब घातले आणि लॅपटॉप उघडला. हेमचंद्रांना आताशा वस्तूंच्या कडा तेवढ्या दिसत. त्यांच्या संग्रहाचे कॅटलॉग वाचणं, बोली लावणं, सारं पत्नीकडे आलं होतं.

आज १८४३च्या अर्ध्या सेंटचा लिलाव होता. अमेरिकेच्या टांकसाळीने जुन्या ठशांवरून संग्राहकांसाठी मागाहून पाडलेलं, आरशासारखं तांब्याचं नाणं. असंच एक घरात होतं. गेल्या लक्ष्मीपूजनाला हेमचंद्रांनीच ते हौसेने ताम्हनात मांडायला काढलं. देवापुढे काळवंडलेलं तांबं कसं ठेवायचं, म्हणून मृणालिनीबाईंनी ते निरांजनाबरोबर घासून काढलं. दीडशेहून अधिक वर्षांचा मूळ रंग आणि आरसा दोन मिनिटांत गेला, आणि त्याबरोबर संग्राहकांच्या लेखी नाण्याची किंमतही.

रिचमंड हिलहून शंतनूचा फोन आला. तोही संग्राहक. हेमचंद्रांनी स्पीकर लावायला सांगितलं.

"मृणालिनी, सांग त्याला, कशाने घासलंस?"

दिवाळीपासून प्रत्येक पाहुण्यापुढे हे म्हणून दाखवावं लागे.

"चिंचेने."

"आणि?"

"मीठ."

शंतनू खदखदला. "वहिनी, आजही भिजत घातलीय ना?"

"पन्नास वर्षं कॅनडात काढली, पण हिची मोरी काही सुटली नाही," हेमचंद्र म्हणाले. "आज निदान बोट तरी चालव. दाब म्हटलं की दाबायचं. डोकं लावायचं नाही."

फोन ठेवला आणि लिलाव सुरू झाला.

"दाब."

त्यांनी दाबलं. कुणीतरी वर गेलं.

"दाब."

पुन्हा दाबलं. पुन्हा कुणीतरी वर गेलं. आता बोली लावणारे दोघेच उरले होते. हेमचंद्र परीक्षेला बसलेल्या मुलासारखे गुडघ्यांवर हात ठेवून पुढे झुकले होते. एकोणऐंशीव्या वर्षी असं नाणं पुन्हा समोर यायचं नाही, हे नवराबायको दोघांनाही ठाऊक होतं. मृणालिनीबाईंना क्षणभर त्यांची कीव आली.

"दाब! झोपलीस काय, गाढवे?"

पडद्यावर नऊ सेकंद होते. त्यांनी माउसवरचा हात उचलला आणि मांडीवर ठेवला.

"दाबलंस?"

"हो."

चार. तीन. आकडे संपेपर्यंत त्या शांतपणे पाहत राहिल्या.

"मिळालं?"

"नाही. समोरचा वर गेला."

"फार वर?"

"फार," त्या म्हणाल्या आणि पान बंद केलं.