घड्याळजींच्या गाडीतला बोल्ट

मी एक जुना बोल्ट आहे. वीतभर लांब आणि अंगठ्याएवढा जाड. मित्रांनो, तुम्ही मला कधी पाहिले नसेल, त्यात तुमचा दोष नाही. ज्यांच्या गाडीत मी होतो, त्यांनीही मला बावीस वर्षे पाहिले नव्हते!

तापलेल्या सळईतून माझा जन्म झाला. डोके ठोकून षट्कोनी केले, शेपटीला आटे पाडले. मग एका घड्याळजींनी मला त्यांच्या हिरव्या, बुटक्या, दोनच सीटांच्या स्पोर्ट्‌स कारच्या पोटाखाली बसवले. मागचे चाक एका लोखंडी दांड्याने गाडीला जोडलेले असते. त्या दांड्याच्या सांध्यात रबर, रबरात नळी आणि नळीत मी. माझे तीन भाऊही तिथेच आसपास होते.

घड्याळजींनी गाडी जॅकवर उचलली होती. चाके अधांतरी लोंबत होती, तशातच त्यांनी मला करकचून आवळले. गाडी खाली उतरताच दांडा वर फिरला आणि सांध्यातले रबर पिळले गेले. ग्रीस लावायचेही राहूनच गेले. मला वाटले, असेच असते.

आत मिट्ट काळोख. रस्ता मला फक्त धक्क्यांतून कळे. हा खड्डा, हे वळण, हा पूल. पण पूल दिसतो कसा? नदी वाहताना थांबते का कधी? असले शंभर प्रश्न मला पडत. विचारणार कोणाला? शेजारचा नट भारी अबोल होता.

घड्याळजी दर रविवारी गाडीचे आरसे चमकवत. येणारे-जाणारे थांबून वाहवा करत. पोटाखाली मात्र कोणी वाकत नसे. इकडे पिळवटलेले रबर फाटले, पाणी झिरपले. गंजाने मी नळीला चिकटलो आणि तोच गंज माझी कंबर खाऊ लागला. सांधा कुरकुरू लागला.

घड्याळजींची सून लेथवर काम करायची. तिने तो आवाज ऐकला.

"बाबा, मागून काहीतरी बोलतंय. रविवारी आईंना घेऊन घाटातून जाणार ना तुम्ही? त्याआधी बघू द्या मला."

"अगं, जुनी गाडी आहे. कुरकुरणारच ती. मी नाही का कुरकुरत?"

"तुमची कुरकुर चहाने थांबते," सून म्हणाली आणि टॉर्च घेऊन गाडीखाली शिरली.

माझे भाऊ मुकाट निघाले. मी हललो नाही. तिने तेल सोडले, हातोडीने ठोकून पाहिले, पान्याला पाइप लावून जोर केला. शेवटी करवत आणली. मी घाबरलो; पण खरे सांगू? आता उजेड दिसणार, याची उत्सुकता भीतीहून मोठी होती.

माझे दोन तुकडे झाले. सुनेने मला पुसून सासऱ्यांच्या तळहातावर ठेवले. घड्याळजींनी सवयीने डोळ्याला भिंग लावले. माझी कंबर पेन्सिलीएवढी उरली होती, आणि तिच्यात केसासारखी एक चीर.

"हा घाटात तुटला असता तर?" त्यांनी हळूच विचारले.

"चाक तिरकं झालं असतं."

त्यांनी भिंग उतरवून ठेवले. मग म्हणाले, "गाडी हवेत असतानाच आवळला होता मी. ग्रीसही नाही लावलं. लोकांची घड्याळं दुरुस्त करतो, आणि इथे... चूक माझी आहे, पोरी."

सून पुन्हा गाडीखाली शिरली. तिने नवे रबर बसवले, चार नव्या बोल्टांना ग्रीस फासून नुसते हाताने फिरवून ठेवले. गाडी चारी चाकांवर उतरवली. मग पाना सासऱ्यांच्या हाती दिला.

"आता आवळा, बाबा. आता रबर पिळणार नाही."

घड्याळजी सत्तरीत पाठीवर आडवे होऊन गाडीखाली सरकले. चारही बोल्ट त्यांनीच आवळले. बाहेर आले तेव्हा कपाळभर काळे होते आणि चेहरा शाळा सुटलेल्या पोरासारखा.

रविवारी गाडी घाट चढून सुखरूप परतली.

मित्रांनो, कशातूनही बारीकसा आवाज आला तर त्याला गप्प करू नका. खाली वाका, उजेड धरा आणि काय झाले ते विचारा.

सध्या मी दुकानाच्या काचेच्या कपाटात, मनगटी घड्याळांच्या रांगेत असतो. गिऱ्हाइके विचारतात, "हे गंजकं काय ठेवलंय?" तेव्हा घड्याळजी हातातले काम थांबवतात आणि खुर्ची पुढे सरकवून म्हणतात, "बसा. माझी एक चूक सांगतो."