पुसलेला कोड

मित्रांनो, मी एक जुना स्कॅनर आहे. गॅरेजमधल्या लोखंडी कपाटाच्या खालच्या खणात माझा मुक्काम असतो. माझं पिवळं रबरी आवरण एका कोपऱ्यात फाटलं आहे आणि एक बटण दोनदा दाबल्याशिवाय चालत नाही. माझं कौतुक पुष्कळ झालं, पण आज जे सांगणार आहे त्याची मला लाज वाटते.

गाडीच्या स्टिअरिंगखाली एक खाच असते. तिच्यात माझी वायर खोचली की गाडीचा संगणक आपली तक्रार मला कोडमध्ये सांगतो आणि मी ती पडद्यावर दाखवतो. मी नवा होतो तेव्हा मालकांनी मला तळहाताच्या फोडासारखं जपलं. गिऱ्हाइकांना बोलावून बोलावून ते माझा पडदा दाखवत. मी तर हवेतच होतो.

त्या गॅरेजमध्ये एक काका होते. मालकांना पाना धरायला त्यांनीच शिकवलेलं, म्हणून ते मालकांना 'अरे' म्हणत. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनला टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटून ऐकायचं, ही त्यांची तपासणी. म्हणून सगळे त्यांना कानकाका म्हणत. मी आल्यावर त्यांची थट्टा सुरू झाली. "काका, काय म्हणतंय इंजिन? जेवलं का?" काकाही हसत. खरं सांगतो, मलाही हसू यायचं.

एके सकाळी एक नर्सबाई आपली छोटी गाडी घेऊन आल्या. घरोघरी जाऊन रुग्णांची मलमपट्टी करायचं त्यांचं काम. गाडी आचके देत होती, इंजिनचा दिवा लुकलुकत होता. मी ऐटीत सांगितलं: दोन नंबरच्या सिलिंडरमध्ये मिसफायर, म्हणजे तिथे इंधन नीट पेटत नाही.

"ठिणगी देणारी कॉइल गेली. बदलून टाका," मालक म्हणाले.

काकांनी स्क्रू ड्रायव्हर कानाला लावला. "अरे, थांब जरा. दोनची कॉइल तीनला लावून बघ. कोड तीनवर सरकला तर कॉइल खराब. नाही सरकला तर तिचा दोष नाही. आणि इंजिन तापू दे, मग ऐक."

"काका, यंत्र सांगतंय ना! नवी कॉइल आणि प्लग बसवा आणि मोकळे व्हा."

यंत्र सांगत होतं, पण कोणता सिलिंडर एवढंच. बिघाड कशामुळे, ते मला माहीत नव्हतं. माझ्या पुढच्या पानावर आणखी एक नोंद होती: बिघाड झाला तेव्हा इंजिन चांगलंच तापलेलं होतं. ते पान कोणी उघडलंच नाही. काकांनी सांगितल्याप्रमाणे नवी कॉइल आणि प्लग बसवले आणि मालकांनी पुसायचं बटण दाबलं. कोड गेला आणि त्याच्यासोबत ती नोंदही गेली. दिवा विझला, बाई खूश होऊन गेल्या.

चौथ्या दिवशी त्या परत आल्या. गाडी भर चौकात बंद पडली होती आणि एक आजोबा मलमपट्टीची वाट बघत दोन तास ताटकळले होते. गॅरेजमध्ये आणखी गिऱ्हाइकं उभी होती. मालकांनी मला जोडलं. पुन्हा तेच, दोन नंबर. त्यांचा चेहरा पडला.

"आमच्या काकांचा हात हल्ली थरथरतो," ते मोठ्याने म्हणाले. "प्लग नीट आवळला नसेल."

काकांचा हात कधीच थरथरत नव्हता. मी तो रोज पाहत होतो. काकांनी फडक्याला बोटं पुसली आणि स्क्रू ड्रायव्हर खिळ्याला अडकवला. "बरं, मालक. येतो मी," म्हणाले आणि चालू लागले. आज तोंडात 'अरे' नव्हतं. मी आपला दोनचाच आकडा मिरवत होतो. धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं.

दुपारी मालकांनी एकट्याने दोनची कॉइल तीनला लावली. कोड दोनवरच राहिला. इंजिन तापल्यावर त्यांनी एकेक वायर हलवून पाहिली. दोन नंबरला इंधन सोडणाऱ्या इंजेक्टरची वायर पत्र्याला घासून आतून तुटत आली होती. गार असताना जुळायची, तापली की सुटायची. कॉइल बिचारी निर्दोष होती, आणि काकाही.

संध्याकाळी मालक मला पिशवीत घालून काकांच्या घरी गेले. काका मटार सोलत बसले होते.

"काका, वायर होती. चुकलो मी."

"बाईंची गाडी चालतेय ना? झालं तर मग." काकांनी आणखी एक शेंग उचलली. "मालक, बोललात चारचौघांत आणि माफी मागताय माझ्या स्वयंपाकघरात."

मालक तसेच उठून आले. चारचौघांत बोलायचा धीर काही त्यांना झाला नाही.

दोन महिन्यांनी बाई तेल बदलायला आल्या. निघताना त्यांनी पर्समधून एक चिठ्ठी काढली. "काका दिसत नाहीत? त्यांच्या हाताच्या कंपासाठी एका डॉक्टरांचं नाव विचारून आणलंय. फार चांगले आहेत."

गॅरेजमधली ठोकाठोक थांबली. सगळे मालकांकडे बघू लागले.

"बाई, काकांच्या हाताला काही झालेलं नाही," मालक म्हणाले. "चूक माझी होती. मी खोटं बोललो." तेव्हा मी त्यांच्या हातात होतो. माझा पडदा वाचता येऊ नये इतका तो हात थरथरत होता.

बाईंनी चिठ्ठीची घडी घातली. "हे ऐकायला ते इथे हवे होते," एवढंच म्हणाल्या.

मित्रांनो, तो स्क्रू ड्रायव्हर अजून त्याच खिळ्याला आहे. मालक रोज सकाळी तो पुसून ठेवतात. काका आलेले नाहीत. तुमच्या हातात कधी माझ्यासारखं यंत्र आलं तर त्याला जपा, पण बटण दाबण्याआधी पुढचं पान वाचा आणि शेजारी उभा असलेला माणूस काय म्हणतोय ते ऐका. कोड मी क्षणात पुसतो. त्या दिवशीचं ते एक खोटं वाक्य मात्र एका परक्या बाईने दोन महिने मनात जपलं होतं, तेही काळजीपोटी.