ओ कुणी द्यायची?

'आई' या शब्दाला मी वैतागले होते. खरं तेच सांगते, लपवून काय करू?

कंपनीची बस मला लोधिवलीच्या फाट्यावर सोडते. दिवसभर पॅकिंगला उभं राहून पायांत गोळे आलेले असतात. फाट्यावरून घराकडं वळलं की ओट्यावरून मी दिसते, नि तिथूनच सुरू होतं. "आई, ह्यानं माझं खोडरबर खाल्लं!" "आई, दीदीनं मारलं!" "आई, माझा दात हलतोय, हात लावून बघ ना!" "आई, शी!" चप्पल काढायचीसुद्धा सोय नाही. मोरीत पाय धुवायला गेले तर दोघं दाराबाहेर उभी. "आई, काय करतेस?" आता मोरीत माणूस काय करतं, तुम्हीच सांगा!

मोठी भाविका, सहा वर्षांची, पहिलीत जाते. धाकटा साईराज तीन वर्षांचा. त्याला 'र' म्हणता येत नाही, म्हणून तो स्वतःला साईलाज म्हणतो. मी कामावर गेले की ही दोन भुतं सांभाळते माझी मोठी जाऊ, चिमाताई. तिचं माहेर कोंडाण्याचं. माझ्या कितीतरी आधी ती या घरात आली. मूलबाळ नाही. दवाखाने झाले, नवस झाले, मग एक दिवस विठूदादा, म्हणजे तिचे मालक, माझे मोठे दीर, "आता पुरे" म्हणाले आणि तो विषय घरात बंद झाला.

ती आहे म्हणून मी कामाला जाऊ शकते, हे मला कळत होतं. पण कधी बोलून दाखवलं नव्हतं. घरच्या माणसाला काय बोलून दाखवायचं?

तर श्रावणातली गोष्ट. त्या दिवशी मी घरी आले ती डोकं धरूनच. सुपरवायझरशी वाजलं होतं. पोरांना कसंबसं बाजूला सारून मी चहा गाळायला घेतला, आणि भाविकानं मागून कोपर ओढलं. "आई! आई गं! बघ ना!" उकळता चहा माझ्या हातावर.

"पुरे!" मी ओरडले. "आजपासून मला आई म्हणायचं नाय! कान किटले माझे! एवढी आई आई करायची हौस हाय ना, तर जा, त्या काकीला म्हण. तीच तुझी आई!"

चिमाताई तिथंच भाकरीचं पीठ मळत होती. तिनं परात बाजूला सारली आणि माझा हात धरून त्यावर गार पाणी ओतत राहिली. भाविका मात्र जागची हलली नाही. खालचा ओठ बाहेर आला होता, डोळ्यांत पाणी नव्हतं. ही लक्षणं मला चांगली ठाऊक आहेत, लहानपणी माझ्या आईनं याच ओठापायी मला बदडलंय. खाण तशी माती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आवाज आला, "आई, माझी रिबन कुठंय?"

मी आरशासमोर उभी होते. सवयीनं म्हणाले, "काय हाय आता?"

"तुला नाय विचारलं," भाविका म्हणाली. "आईला विचारलं." आणि तिनं चिमाताईकडं बोट दाखवलं.

चिमाताईचा हात तव्याशी तसाच राहिला. भाकरी करपल्याचा वास सुटला तरी तिला पत्ता नाही. मग अगदी हळू, जणू कुणी ऐकेल म्हणून भीत भीत, ती म्हणाली, "ओ गं माझी बाय."

आता माझं काय? मला काहीतरी नाव तर हवंच. ते पोरीनं डबा मागताना काढलं. "साईराजची आई, माझा डबा भरला का?"

आमचे हे, रूपेश, खोखो हसले. "झाली वाटणी! पोरगा तुला, पोरगी वहिनीला!"

"हसा," मी म्हटलं. "तुमच्याच घराण्याचा हट्ट हाय तो."

"आमच्या घराण्यात एवढा दम असता तर काय पायजे होतं!" असं म्हणून ते टेंपोची चावी घेऊन सटकले.

खोटं कशाला बोलू, त्या संध्याकाळी मला बरं वाटलं. चहा गरम असताना शेवटपर्यंत प्यायले. कितीतरी दिवसांनी चहाची चव कळली. म्हटलं, चालू दे नाटक, दोन दिवसांत कंटाळेल.

कंटाळली नाही. उलट एक दिवस मी फाट्यावरून आले तर ओट्यावर साईराज एकटाच. "दीदीचा दात पल्ला!" आत गेले तर भाविका चिमाताईच्या मांडीवर, तोंड उघडून खिडकी दाखवत होती. दोघींनी मिळून दात कौलावर टाकला होता. म्हणे, कावळा नवीन दात आणणार. महिनाभर ती पोरगी माझ्या मागं लागली होती, हात लावून बघ, हात लावून बघ, आणि मी म्हणत होते नंतर, नंतर. आता काय हात लावू, खड्ड्याला? त्या दिवशीचा चहा मी निम्मा मोरीत ओतला.

आणि चिमाताई! मला तिच्याकडं बघवत नव्हतं आणि बघितल्याशिवाय राहवतही नव्हतं. पोरीला शाळेत सोडायला जाताना नीट निऱ्या काढून साडी नेसायची. वेणी घालताना गुणगुणायची. दिवसातून किती हाका आल्या तरी प्रत्येक हाकेला "ओ." परसात असली तरी "ओ." हात राखेत असले तरी "ओ." मला वाटायचं, हिला वैताग कसा येत नाही? मग माझं मलाच उत्तर मिळायचं आणि मी कपडे जरा जास्तच जोरात आपटायचे.

एकदा भांडी घासताना तीच म्हणाली, "संजना, मी नाय शिकवलं हां तिला."

"मला ठाव हाय, ताई."

"नको म्हणून सांगू का तिला?" विचारलं तिनं, पण मान वर केली नाही. एकच टोप घासत बसली.

पोट माझं जळत होतं, उघड सांगते. माझी पोरगी, नऊ महिने पोटात वागवली मी तिला! पण इतक्या वर्षांनी हिच्या ताटात घास पडला, तो हिसकून घ्यायला माझा हात होईना. "राहू द्या," मी म्हटलं. "पोरखेळ तो, जाईल." आणि कामावर जाऊन अख्खी शिफ्ट खोक्यांवर वाकडी लेबलं चिकटवली.

आणि पिठोरी आली.

पिठोरीला काय करतात ते सांगते. श्रावणातल्या अमावास्येला लेकुरवाळ्या बायका उपास धरतात. संध्याकाळी पूजा झाली की आई पाटावर बसते, खीर-पुरीचं ताट डोक्यावर धरते आणि विचारते, "अतीत कोण?" अतीत म्हणजे दारी आलेला पाहुणा. पाठीमागं पोर उभं असतं. ते म्हणतं, "मी," आपलं नाव सांगतं आणि ताट उचलतं. आईनं मागं वळून बघायचं नाही.

आमच्याकडं दरवर्षी सगळं चिमाताई मांडते. चौसष्ट योगिनींच्या चित्राचा कागद भिंतीला लावते, खीर ढवळते, पुऱ्या तळते, मला पाटावर बसवते आणि आत निघून जाते. "गॅसवर कायतरी हाय," म्हणते. गॅसवर काही नसतं.

मी सुट्टी घेतली होती. सकाळीच भाविकानं जाहीर केलं, "मी साईराजच्या आईच्या मागं नाय उभी राहणार. मी आईच्या मागं राहणार."

चिमाताईचा चेहरा उतरला. "मी नसते बसत गं बाय."

"का?"

विठूदादा उगाच बाहेर जाऊन आभाळ बघू लागले.

"पण का?"

दुपारी मी तिला ओट्यावर गाठली. काकडी कापून, मीठ लावून पुढं ठेवली. लाच म्हणा हवं तर. "भावू, मी रागात बोलले होते गं. आता म्हण की मला आई."

तिनं काकडी खाल्ली. पडलेल्या दाताच्या खिडकीतून बी फुंकली. "म्हणून काय करू?"

"काय करू म्हणजे?"

"तुला आई म्हटलं की तू म्हणतेस, काय हाय आता? काकीला म्हटलं की ती ओ म्हणते." मग थोडं थांबून म्हणाली, "आणि हसते. आता परत काकी म्हटलं तर ती हसंल का?"

एरवी माझ्या जिभेला हाड नाही. सुपरवायझरला विचारा. पण त्या सहा वर्षांच्या पोरीपुढं मी नुसती काकडीला मीठ चोळत बसले. ती रुसवा कधीच विसरली होती. तिला परत यायचं होतं, पण काकीला तसंच टाकून कसं यायचं, ते तिला कळत नव्हतं. आणि मी इतके दिवस हिला हट्टी म्हणत होते! माझे डोळे भरून आले. तिनं उरलेली काकडी माझ्या हातात दिली, बहुतेक मी काकडीसाठी रडतेय असं तिला वाटलं.

संध्याकाळी पूजा झाली. चिमाताईनं ताट भरलं, माझा पाट सरळ केला आणि आत जायला वळली. "गॅसवर..."

"गॅस बंद हाय, मी बघितला," मी म्हटलं. "ताई, पदर घ्या डोक्यावर नि बसा."

"येडी का काय तू? मला बसायचं नसतं. लोकं काय म्हणतील?"

"लोकांना खीर द्यायचीच नाय आपल्याला. बसा! दिवसभर ओ तुमी देता, शेंबूड तुमी पुसता, दात तुमी टाकता कौलावर. मग पाटावर बसायला तुमचे पाय मोडलेत?"

असं वाकडंच बोलले मी. मला सरळ बोलायला येत नाही. तिनं विठूदादांकडं बघितलं. ते भिंतीला टेकून उभे होते. म्हणाले, "बस गं."

ती बसली. ताट डोक्यावर धरलं, पण ते असं कललं की खीर पदरावर ओघळली. "अतीत..." म्हणाली, आणि आधी ताट सावरलं. "अतीत कोण?"

"मी, भाविका!" पोरगी दणक्यात ओरडली आणि ताट उचललं. चिमाताई तशीच बसून राहिली, रिकामे हात डोक्यावर तसेच धरून. मीच ते धरून खाली आणले.

मग तिच्या शेजारच्या पाटावर मी बसले. "अतीत कोण?" साईलाज तयारच होता. त्यानं नाव सांगायच्या आधीच पुरी तोंडात घातली. रूपेशनं दुसरं ताट माझ्या हातात दिलं. मी ते वर धरलं.

"अतीत कोण?"

मागं काही हालचाल नाही.

वळून बघायचं नसतं. माझ्यासमोर भिंतीवर नुसता तो कागद. मनात म्हटलं, तिला मिळालं तिचं ताट, आता ती कशाला येईल? दिली ना मी माझ्या हातानं! तरी पुन्हा विचारलं. "अतीत कोण गं?"

मागून बारीक आवाज आला. "आई?"

कुणाला? आम्ही दोघी शेजारी शेजारी, दोघींच्या पाठी तिच्याकडं. ओठावर आलेली ओ मी तिथंच थांबवली. इतके दिवस त्या हाकेची ओ चिमाताईची होती. मी डोळ्याच्या कोपऱ्यातून तिच्याकडं बघितलं. तिनं पदराचा बोळा तोंडात धरला होता आणि मान हलवून मला खुणावत होती, दे, ओ दे, तुला हाक मारतेय ती. जन्मभर जी हाक ऐकायला ती तरसली, ती हाक आली आणि ती गप्प बसली, माझ्यासाठी.

"ओ," मी म्हटलं. "ओ गं माझी बाय."

हातातलं ताट हलकं झालं. "मी, भाविका," ती म्हणाली. "आई, मला आता भूक नाय. पहिल्याच ताटानं पोट भरलं."

रूपेश हसले, विठूदादांनी नाक शिंकरलं. मी चिमाताईच्या गळ्यात पडून रडले, आणि ती माझ्या पाठीवरून हात फिरवत "पुरे गं, पुरे, खीर सांडली सगळी" म्हणत स्वतःच रडत होती. घरच्या माणसाला बोलून दाखवत नाहीत म्हणे. मी दाखवलं. "ताई, तुमी नसता तर माझं काय झालं असतं?" इतकंच आलं, पण आलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा कंपनी, पुन्हा शिफ्ट. फाट्यावरून घरी आले, मोरीत पाय धूत होते, चिमाताई परसात लाकडं रचत होती. आणि ओट्यावरून पोरीनं घर डोक्यावर घेतलं. "आई! ह्यानं माझी पट्टी मोडली!"

"ओ!" मी मोरीतून.

"ओ!" चिमाताई परसातून.

दोघी दोन दारांनी धावलो, आणि एकीच्या हातात पाण्याचा तांब्या नि दुसरीच्या हातात लाकूड बघून साईराज घाबरून खाटेखाली शिरला. भाविका कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"दोघी कशाला आलात?" ती म्हणाली. "एक पट्टी तर मोडलीय!"