लोण्यासारखे तळवे

"पोरीचे तळवे बघ गं एकदा," योगवर्गाचा हॉल पुसणाऱ्या मावशी मला म्हणाल्या होत्या. "बाकीची पोरं काळेकुट्ट तळवे घेऊन बाहेर येतात. तुझीचे कसे लोण्यासारखे."

मी हसले. "मावशी, तुम्ही फरशीच इतकी चकचकीत पुसता!"

त्या हसल्या नाहीत. बादली उचलून निघून गेल्या.

खरं तर मी शंकेखोर बाई. दाराची कडी तीनदा बघते. नवरा म्हणतो, तू सावलीकडेही ओळखपत्र मागशील. आणि आमची लेक, खारूताई, म्हणजे तर माझा जीव. सात वर्षांची, डावा पाय जन्मापासून ताठ, वॉकर धरून चालते. पण तो योगवर्ग माझ्या सख्ख्या नणंदेचा होता. दारावर पाटी, 'योग सर्वांसाठी', आणि खाली खारूताईचाच फोटो: खुर्चीत बसून दोन्ही हात वर, ताडासन. वन्सं म्हणाल्या होत्या, "शाळेत तिला कोपऱ्यात बसवतात ना? माझ्याकडे कोपराच नाही." त्या एका वाक्यावर मी रडले होते.

आईबापांनी बाहेर थांबायचं, हा त्यांचा नियम. "आई दिसली की मूल लाडात येतं." दर गुरुवारी मी मुकाट जिन्याजवळच्या बाकावर बसायचे.

घरी जाताना विचारायचे, "आज काय केलंस?"

"शवासन."

"आणि?"

"शवासनच."

ते तासाच्या शेवटी असतं, म्हणून तेवढंच लक्षात राहत असेल, अशी मी समजूत करून घेतली. पण पूर्वी ओट्याला धरून विसापर्यंत मोजत उभी राहणारी पोर चार महिन्यांत पाचालाच खाली बसू लागली. "मला नाही जमत," म्हणायची. मी तिलाच रागावले. आळशी म्हणाले.

त्या गुरुवारी तिची पाण्याची बाटली माझ्याकडे राहिली, म्हणून मी वर गेले. दार किलकिलं होतं. मुलं, बायका, आजोबा मंडळी एका पायावर झाड होऊन डुलत होती, हसत होती. खुर्च्या मात्र कोपऱ्यात एकावर एक रचलेल्या. त्या चळतीमागे दोन चटया. एकीवर सगळे ज्यांना शिंपीकाका म्हणतात ते, अर्धं अंग लुळं पडलेले. दुसरीवर माझी लेक. डोळे मिटलेले, हात सरळ.

मी तिला उचललं तशी ती कानात कुजबुजली, "आई, मी हलले नाही ना? आत्या म्हणते, सगळ्यांत छान मीच झोपते."

वन्सं मागोमाग बाहेर आल्या. "आरडाओरडा नको हं. शवासन सगळ्यांत अवघड आसन असतं, माहितेय?"

"मग तुम्ही करा की दर गुरुवारी तासभर."

"अगं, वीस जणांत हिला खुर्ची लावा, हिला धरा... सगळ्यांचा तास मोडतो. आणि ती खूश आहे ना?"

"फोटोच्या दिवशी बरी खुर्ची लागली."

त्यांनी मागचं दार ओढून घेतलं. मग हळूच म्हणाल्या, "घरातलं घरात ठेव."

जिन्यात मावशी होत्या. माझ्या हातातला वॉकर त्यांनी घेतला. पोरीचे पाय फरशीला लागतच नाहीत, हे त्यांनी तळव्यांवरून केव्हाच ओळखलं होतं. मला त्यांच्याकडे बघवेना.

आता आम्ही स्वयंपाकघरातच करतो. खुर्ची भिंतीला टेकवून, पाय फरशीवर, हात वर. काल ओट्याला धरून आठापर्यंत झालं. तळव्याला धूळ लागली की ती बक्षीस मिळाल्यासारखी मला दाखवते, आणि मी मान फिरवते. सख्खी आत्या, म्हणून मी डोळे मिटले होते. तेही शवासनच.

पण त्या दिवशी मी फक्त माझ्या लेकीलाच उचलून आणलं. शिंपीकाकांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं होतं, आणि तास चालू आहे म्हणून पुन्हा मिटले. मागाहून काकांसाठी वर्गावर गेले तर वन्संनी दार उघडलं नाही. काकांचं खरं नाव मला माहीत नाही, घरही नाही. मुलगा गाडीतून सोडतो, एवढंच ठाऊक.

तुमच्या घरातलं असं कुणी दर गुरुवारी योगाला जात असेल, तर नुसतं विचारू नका. ते म्हणतील, छान झालं. आज जरा त्यांचे मोजे काढून तळवे बघाल का?