मातीच्या नळातून आलेली हाक

उत्खननाच्या खड्ड्याभोवती मुंगी शिरायला जागा नव्हती. खड्ड्याच्या भिंतीत चार साम्राज्यांची शहरे एकावर एक रचलेली दिसत होती आणि तळाशी भाजक्या मातीच्या नळाचे तोंड उघडे पडले होते. त्यातून मृतात्मे बोलतात, असे गावात मुक्कामाला आलेल्या एका महाराजांचे म्हणणे.

"सम्राट आले, सम्राट गेले! पण माझ्या एका हाकेला परलोक ओ देतो," महाराज गरजले. "बोल बाळा, आई आलीय."

नळातून घोगरा आवाज आला, "आई... तिला दवाखान्यात नेऊ नकोस. तिथंच माझा जीव गेला."

नळाशी वाकलेल्या म्हातारीने कपाळ मातीला टेकवले. तिचा मुलगा गेल्या वर्षी खरोखरच दवाखान्यात दगावला होता. आता त्याची बायको शेजारी खाटेवर दोन दिवस तापाने फणफणत होती.

उत्खनन करणाऱ्या प्राध्यापिका त्याच सकाळी परगावाहून परतल्या होत्या. "मावशी, हिची मान आखडलीय. गाडी उभी आहे, चला."

"कशी नेऊ, बाई? पोटचं पोर नको म्हणतंय!"

बाईंना तो नळ ठाऊक होता. सांडपाण्याचा. एका राजवटीने घातलेला, दुसरीने दुरुस्त केलेला, तिसरीने वर रस्ता बांधून विसरलेला. त्याचे दुसरे तोंड टेकाडापलीकडे उघडत होते; तिथे आता महाराजांच्या शिष्यांची झोपडी होती.

बाईंनी ओला पाला पेटवून नळाशी धरला आणि पुठ्ठ्याने आत वारा घातला.

"अहो, परलोकात धूर कशाला?" महाराज ओरडले.

"का? तिथं डोळे चुरचुरतात?"

नळातून आधी खोकला आला, मग एक अस्सल शिवी.

"मेल्यावरसुद्धा ठसका लागतो होय रे?" गर्दीतून कुणीतरी म्हणाले.

आम्ही गावकरी टेकाडापलीकडे धावलो. झोपडीच्या दारात एक शिष्य डोळे चोळत उभा होता. त्याच्यामागे जमिनीत नळाचे तोंड धुरकटत होते. पोकळ नळातून कुणाचाही आवाज घोगराच येतो. मुलगा दवाखान्यात गेल्याचे गावभर ठाऊक होते; आवाजात त्याची ओळख आईच्या मनाने भरली होती.

म्हातारी जागची हलली नव्हती. "म्हणजे तो मला आई म्हणालाच नाही?"

"नाही, मावशी."

तिने नळाकडे पाठ फिरवली. मग म्हणाली, "खाट उचला."

मेंदूज्वर होता. सून वाचली, पण उशिरामुळे तिचे दोन्ही कान गेले. सासू आता तिच्याशी हातवाऱ्यांनी बोलते.

दुःखी आईला हाक ऐकू आली, हा तिचा दोष नव्हे. आम्हा बाकीच्यांची मने शाबूत होती, तरी पलीकडे जाऊन पाहावे असे एकालाही वाटले नाही. म्हणून सांगणे एवढेच: हाक कुठून येते ते आधी तपासा, आणि आजाऱ्याला त्याच्याही आधी दवाखान्यात पोचवा.